तोफांच्या माळावरचं पुरातत्त्व: अमेरिकी लष्करी तळावर स्थळं कशी राखायची

अमेरिकेच्या संरक्षण खात्याकडे सुमारे अडीच कोटी एकर जमीन आहे. तिचा बराच भाग कित्येक दशकं नांगराखाली आलेला नाही, त्यावर वसाहती उठलेल्या नाहीत. त्यामुळे कुंपणाबाहेर जी जुनी स्थळं केव्हाच सपाट झाली, तशीच स्थळं कुंपणाच्या आत शाबूत सापडतात. कॅलिफोर्नियात चायना लेक या नौदलाच्या शस्त्रचाचणी तळावर कोसो डोंगरातली खडकांवर कोरलेली हजारो चित्रं आहेत आणि त्यांना १९६४ पासून राष्ट्रीय दर्जाचं संरक्षण आहे. न्यू मेक्सिकोतल्या व्हाइट सँड्स तळावर १६ जुलै १९४५ ला पहिला अणुस्फोट झाला, ती ट्रिनिटीची जागाही जपलेली आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या फोर्ट ड्रमची हद्द १९४१ साली वाढवली तेव्हा पाच गावं उठली. त्या गावांचे चौथरे आजही तळाच्या हद्दीत आहेत.

ही स्थळं राखणाऱ्या पुरातत्त्वज्ञाचं काम उत्खननाचं कमी आणि वेळेआधी पोचण्याचं जास्त असतं. सैनिकाला खंदक खणायचाच आहे, रणगाडा चालवायचाच आहे. तो कुठे खणेल हे आदल्या महिन्यात कळलं तर स्थळ वाचतं. खणून झाल्यावर कळलं तर उरतो तो फक्त नुकसानीचा अहवाल.

पात्रता

अमेरिकेत केंद्र सरकारच्या कामासाठी गृहविभागाने (तिकडे हे खातं जमीन आणि वारसा सांभाळतं, पोलीस नव्हे) व्यावसायिक निकष ठरवलेले आहेत: पुरातत्त्व किंवा मानववंशशास्त्रातली पदव्युत्तर पदवी, किमान १ वर्षाचा पूर्णवेळ अनुभव, उत्तर अमेरिकेतल्या पुरातत्त्वाचं किमान ४ महिन्यांचं देखरेखीखालचं काम, आणि हाती घेतलेलं संशोधन तडीस नेल्याचा पुरावा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून शिकून तिकडे गेलेल्याची गाडी बहुधा त्या ४ महिन्यांवर अडते. भारतातलं उत्खनन कितीही केलेलं असो, हा अनुभव तिकडचाच लागतो. उन्हाळी फील्ड स्कूल (उत्खननाचं प्रत्यक्ष प्रशिक्षण) आणि त्याला जोडून प्रयोगशाळेतलं वर्गीकरण केलं की तो भरून निघतो. तळावरच्या थेट सरकारी नोकरीला साधारणपणे नागरिकत्व लागतं. कंत्राटी कंपन्यांमध्ये ग्रीन कार्डवाल्यांना काम मिळू शकतं, पण तळाचा पास मिळायला काही आठवडे जातात, तेव्हा अर्ज लवकर टाका.

कायदा, कामापुरता

आपल्याकडे १९५८ च्या कायद्याने स्मारक संरक्षित म्हणून जाहीर होतं आणि २०१० च्या दुरुस्तीप्रमाणे त्याच्याभोवती १०० मीटर मनाई, पुढे २०० मीटर नियंत्रण, असं अंतराचं गणित चालतं. अहिल्यानगरचा (पूर्वीच्या अहमदनगरचा) भुईकोट किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, आणि तो किल्ला आहे हे निदान सगळ्यांना दिसतं. अमेरिकी तळांवरची बहुतेक स्थळं दिसतच नाहीत. म्हणून १९६६ च्या राष्ट्रीय ऐतिहासिक जतन कायद्याचं कलम १०६ यादीवर न थांबता प्रक्रियेवर भर देतं. सरकारी पैशाने, परवानगीने किंवा सरकारी जमिनीवर स्थळांना धक्का पोचू शकेल असं काही करायचं असेल, तर आधी तिथे काय आहे ते शोधा, त्याचं महत्त्व ठरवा, परिणाम तपासा आणि हे करतानाच राज्याचा वारसा अधिकारी व संबंधित मूलनिवासी जमाती यांच्याशी सल्लामसलत करा. स्थळ ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीत नसेल, पण नोंदीस पात्र असेल, तरी तितकंच संरक्षण मिळतं. पात्रता साधारण ५० वर्षांपासून पुढे धरतात. म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या बराकी आणि शीतयुद्धातले क्षेपणास्त्रांचे चबुतरेही तुमच्याच कक्षेत येतात.

राज्याच्या अधिकाऱ्याला पूर्ण कागदपत्रं मिळाल्यापासून उत्तरासाठी ३० दिवस असतात. ‘पूर्ण’ या शब्दावर बरंच अवलंबून आहे. नकाशा धूसर असेल किंवा मातीचं वर्णन नसेल तर कागद परत येतात आणि मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू होते.

जमातींशी बोलणं हे सरकार-ते-सरकार नातं आहे. पत्र तळाच्या कमांडरच्या सहीने जमातीच्या प्रमुखाला जावं. पुरातत्त्वज्ञाने परस्पर ईमेल टाकून ‘आम्ही विचारलं होतं’ असं लिहू नये. त्याने विश्वास तुटतो आणि कायद्यातही ते टिकत नाही.

खणण्याचा अर्ज हातात आला की

तळावर जमीन उकरायची तर आधी पर्यावरण विभागाकडून अर्ज मंजूर करून घ्यावा लागतो. अर्जात बहुधा एवढंच असतं: ‘नवीन शेड, ३० बाय १२ मीटर.’ एवढ्यावर सही करू नका. किती खोल खणणार? वीज आणि पाण्याची चारी कुठून येणार? ट्रक कुठून शिरणार आणि कुठे वळणार? निघालेली माती कुठे टाकणार? सामान कुठे रचणार? शेडच्या पायासाठी खणलेल्या जागेपेक्षा सामान रचायच्या पट्ट्यात जास्त स्थळं चिरडली जातात, कारण तो पट्टा नकाशावर कुणी काढलेलाच नसतो. परिणामक्षेत्राची, म्हणजे कामाचा धक्का जिथवर पोचेल त्या जागेची, रेघ या सगळ्याला धरून काढा.

सरावाच्या बाबतीत अर्जाची वाट पाहू नका. रेंजचं (गोळीबार आणि सरावाच्या मैदानाचं) वेळापत्रक ठरवणाऱ्या बैठकीला दर वेळी जा, बोलायला काही नसलं तरी. कोणती तुकडी कधी येते, तिच्याकडे रणगाडे आहेत की पायदळ, ती खंदक खणणार की नुसती मुक्कामाला येणार, हे तिथेच कळतं. आणि बांधकामाची पाच वर्षांची यादी मागून घ्या. १०० एकर झाडीचं सर्वेक्षण करायचं तर ३० मीटरच्या जाळ्यात एकरी साडेचार, म्हणजे सुमारे ४५० चाचणी खड्डे होतात. दोघांची एक जोडी दिवसाला २० खड्डे करते असं धरलं, तर एका जोडीला २२-२३ दिवस लागतात. त्यावर अहवाल, त्यावर ३० दिवस. बर्फाचे महिने वजा करा, म्हणजे ‘पुढच्या महिन्यात काम सुरू करायचंय’ या वाक्याला काय उत्तर द्यायचं ते समजेल.

रेंजवर पाय ठेवण्याआधी

आत जाताना रेंज कंट्रोलला रेडिओवर सांगा: किती माणसं, कोणती गाडी, कोणता विभाग, बाहेर यायची वेळ. निघताना पुन्हा सांगा. बाहेर पडल्याचं कळवायला विसरलात तर तुमच्या शोधासाठी गोळीबार थांबवावा लागतो, आणि पुढच्या वेळी तुम्हाला प्रवेश मिळणं अवघड होतं.

न फुटलेल्या दारूगोळ्याबाबत तीनच गोष्टी: ओळखा, मागे फिरा, कळवा. हात लावायचा नाही, झाकायचा नाही, त्यावर दगड ठेवायचा नाही. आलात त्याच पावलांनी परत जा आणि वस्तूपासून दूर गेल्यावरच रेडिओ किंवा मोबाइल वापरा. जुन्या लक्ष्यक्षेत्राजवळ काम असेल तर प्रशिक्षित तंत्रज्ञ सोबत हवा. तो आधी चालण्याची वाट तपासतो, मग खड्ड्याची जागा, आणि खड्डा खाली जाईल तसा पुन्हा पुन्हा धातुशोधक फिरवतो. शोधक वाजला की ती जागा सोडायची आणि खड्डा बाजूला सरकवायचा. त्याच जागी ‘काय आहे ते बघू’ म्हणून खणणं हे तुमचं काम नाही. गोळ्यांच्या माऱ्याचं मुख्य क्षेत्र सर्वेक्षणातून वगळावं लागलं, तर तसं कारणासह अहवालात लिहा. रिकामं सोडू नका.

चाचणी खड्डा

उघड्या वाळवंटात १५ मीटर अंतराने रांगेत चालून जमीन बघता येते. पूर्वेकडच्या झाडीत पाचोळ्याखाली काही दिसत नाही, तिथे खणावंच लागतं. लागणारं सामान: चपट्या पात्याचं फावडं, थापी, मुळं कापायची कात्री, पाव इंच जाळीची चाळणी, मातीसाठी जाड ताडपत्री, मापाची टेप, मातीच्या रंगांचं मन्सेल पुस्तक, पाण्याची फवारणी बाटली.

खड्डा ४० सें.मी. व्यासाचा. आधी गवताची चकती अखंड कापून ताडपत्रीवर उलटी ठेवा, शेवटी ती तशीच परत बसते. पुढे १० किंवा २० सें.मी.च्या टप्प्यांनी उतरा आणि प्रत्येक टप्प्याची माती वेगळी चाळा. मानवी वस्तू मिळत नाहीत अशा मूळ मातीत १० सें.मी. शिरलात की थांबा. ६० सें.मी. खोलीच्या खड्ड्यातून सुमारे ७५ लिटर माती निघते. ती ताडपत्रीवरच हवी, म्हणजे खड्डा भरताना कमी पडत नाही. भिंत थापीने साफ करून ओलसर करा आणि रंग सावलीत, ओल्या मातीवर बघा. कोरड्या मातीचा रंग एक-दोन पायऱ्या फिका दिसतो, आणि निम्म्या चमूने ओला, निम्म्याने कोरडा लिहिला की थर जुळेनासे होतात.

लष्करी जमिनीवर सगळ्यात जास्त फसवतो तो भराव. १९४० च्या दशकात तळ उभारताना बुलडोझरने टेकाडं कापून खोलगट जागा भरल्या. ३० सें.मी.वर पिवळी, घट्ट, रिकामी माती लागली की नवखा माणूस ‘मूळ माती’ लिहून पुढच्या खड्ड्याकडे जातो. ती माती हातात घेऊन फोडा. आत खडी, तारेचा तुकडा, काडतुसाचं टरफल, किंवा काळ्या मातीचं वेगळंच ढेकूळ दिसलं तर तो भराव आहे आणि जुनी जमीन अजून खाली आहे. तिथे हँड ऑगरने (हाताने फिरवायच्या गिरमिटाने) आणखी मीटरभर उतरून बघा. भरावाखालचं स्थळ हे तळावरच्या सर्वांत शाबूत स्थळांपैकी असतं, पण पाण्याची चारी खणणारा नेमका तिथेच पोचतो.

दगडी छिलके (हत्यार घडवताना दगडाचे उडालेले पातळ तुकडे) ओळखतानाही सावध राहा. माणसाने मुद्दाम पाडलेल्या छिलक्याला ठोका बसलेल्या टोकाशी हलका फुगवटा असतो, पाठीवर आधी पडलेल्या छिलक्यांच्या एकाच दिशेच्या खुणा असतात. रणगाड्याच्या पट्ट्याखाली चिरडलेल्या दगडाचेही छिलके उडतात. त्यांच्या कडा ताज्या, रंग आतबाहेर वेगळा, आणि घाव कुठूनही कसाही. वाटेच्या कडेला मिळालेले आठ-दहा तुकडे पाहून स्थळ नोंदवण्याआधी वाटेपासून दूर दोन खड्डे घ्या.

खड्ड्यात काही मिळालं तर त्याच्या चार दिशांना १० मीटरवर नवे खड्डे घ्या आणि प्रत्येक दिशेला लागोपाठ दोन रिकामे येईपर्यंत सरकत राहा. ती तुमची हद्द. रिकाम्या खड्ड्याचेही थर, खोली आणि रंग लिहा. नुसतं ‘काही नाही’ लिहिलेला खड्डा दहा वर्षांनी कुणाच्याच कामाचा नसतो. तिथे मूळ जमीन होती की भराव, हे कळत नाही आणि तेच खणकाम पुन्हा करावं लागतं.

खड्डा लगेच भरा, पायाने दाबा, चकती बसवा. रात्री अंधारात धावणाऱ्या सैनिकाचा घोटा अशा खड्ड्यात मोडतो. धातूच्या तारेची निशाणं वापरू नका. एखादं विसरलं तर पुढच्या दारूगोळा-शोधात ते खोटा इशारा देतं, आणि निशाण दिसलं की वस्तू चोरणाऱ्यालाही पत्ता मिळतो. प्लॅस्टिकची निशाणं मोजून न्या, मोजून आणा.

नकाशा सैनिकाला वाचता आला पाहिजे

जुन्या अहवालांतले यूटीएम निर्देशांक (मीटरमध्ये मोजलेले नकाशावरचे अंक) १९२७ च्या मोजणी-आधारावर (डेटमवर) असतात, नंतरचे १९८३ च्या. आधार न बदलता अंक तसेच उतरवले, तर स्थळ उत्तर-दक्षिण दिशेने सुमारे २०० मीटर सरकतं. मग कुंपण रिकाम्या जागेभोवती लागतं आणि खऱ्या जागेवर तंबू पडतो. प्रत्येक जुनं स्थळ प्रत्यक्ष जाऊन पुन्हा मोजून घ्या.

तुकडीला जागा देताना लष्करी ग्रिडमध्येच (सैन्याच्या नकाशावरच्या चौकटींच्या अंकांत) द्या. सहा अंकी ग्रिड १०० मीटरपर्यंत नेतो, आठ अंकी १० मीटरपर्यंत, दहा अंकी १ मीटरपर्यंत. स्थळाच्या हद्दीसाठी आठ अंकी पुरेसा आहे, पण हद्दीबाहेर ३० मीटरचा पट्टा धरून. पुरातत्त्व स्थळं वेगळी रंगवू नका. पाणथळ, दुर्मीळ पक्ष्यांच्या जागा आणि ही स्थळं एकाच ‘प्रवेश बंद’ थरात मिसळा. स्थळांचे पत्ते गुप्त ठेवण्याची मुभा कायद्यानेच दिली आहे आणि ती वापरलीच पाहिजे. जमिनीवरच्या पाटीवरही ‘पुरातत्त्व’ हा शब्द नको. ‘पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील, खणू नये, वाहन नेऊ नये’ एवढं पुरतं. खुणेचे खांब परावर्तक पट्टीचे, आणि एकापाशी उभं राहिल्यावर पुढचा दिसेल इतक्या अंतरावर. कमी खांब लावले की चालकाला ते ओळ वाटत नाहीत, नुसते सुटे खांब वाटतात, आणि तो त्यांच्यामधून जातो. मोक्याच्या वाटेवर मोठे दगड टाकून वाट बंद करणं सर्वांत टिकाऊ.

फक्त ‘इथे नको’ सांगितलं तर तुकडी शेजारी खणते. ‘तिथे खणा’ हेही सांगा. तपासून मोकळी केलेली खंदकाची जागा आणि वाळूची पोती भरायला मातीची खाण ठरवून द्या. २००३-०४ मध्ये बॅबिलोनच्या अवशेषांवर लष्करी छावणी पडली, तेव्हा चाऱ्या खणल्या गेल्या, खडी पसरली गेली, आणि संरक्षक पोत्यांमध्ये खापऱ्या-हाडं असलेली स्थळाचीच माती भरली गेली. पोती भरणाऱ्याला माती हवी होती. कुठली घ्यावी हे कुणी सांगितलं नव्हतं. पुढे २००७ साली संरक्षण खात्याच्या लेगसी या वारसा-जतनाच्या कार्यक्रमातून इराक-अफगाणिस्तानात जाणाऱ्या सैनिकांसाठी वारशाची माहिती छापलेले पत्त्यांचे कॅट वाटले गेले. तळावरचं प्रशिक्षण दहा मिनिटांचंच ठेवा आणि तीन गोष्टी सांगा: थांबा, उचलू नका, ग्रिड कळवा. खापरी, छिलका, चौथऱ्याचा दगड प्रत्यक्ष हातात द्या. एकदा बोटांना कळलं की खंदक खणताना सैनिक स्वतःहून थांबतात.

जागा टाळताच येत नसेल तर

स्थळावर आवरण घालता येतं, पण तेही सल्लामसलतीनंतरच. आधी सविस्तर नोंद आणि छायाचित्रं. झुडपं जमिनीलगत कापा, उपटू नका. मुळांसोबत थर निघून येतात. जिओटेक्सटाइल कापड अंथरा, दोन पट्ट्या एकमेकींवर निदान ३० सें.मी. चढवा. त्यावर स्वच्छ वाळू, मग खडी. यंत्र कधीही उघड्या स्थळावर उभं राहता कामा नये. टाकलेल्या भरावावर उभं राहूनच पुढे ढकलायचं. पाण्याचा निचरा बघितला नाही तर आवरणाच्या कडेने ओघळ पडतो आणि दोन पावसाळ्यांत स्थळ बाजूने पोखरलं जातं.

वणव्याचाही विचार आधीच करून ठेवा. ट्रेसर गोळ्यांनी (जाताना पेटती रेघ दाखवणाऱ्या) गवत पेटतं आणि आग रोखायला रात्री बुलडोझर सरळ रेषेत पट्टा काढत जातो. अग्निशमन विभागाला टाळायच्या जागांचा छापील नकाशा मोसमाआधी द्या. आग विझल्यावर पहिल्या दिवशीच जा, कारण जळालेल्या जमिनीवर सगळं उघडं पडतं आणि चोरांनाही ते माहीत असतं.

चोरीचा खड्डा आणि हाडं

ताजा चोरीचा खड्डा दिसला तर आत जाऊ नका. ती गुन्ह्याची जागा आहे. आधी लष्करी पोलीस. पायाचे ठसे, टायरच्या खुणा, सिगारेटची थोटकं, खड्ड्यातली माती, सगळं पुरावा असतं. त्यांनी मोकळीक दिली की तुमचं काम: खड्ड्याचं माप, हललेल्या मातीचं घनफळ, आणि पुरातत्त्वीय मूल्य, बाजारमूल्य व दुरुस्तीचा खर्च असे तीन वेगळे आकडे. १९७९ चा पुरातत्त्व संपदा कायदा १०० वर्षांहून जुन्या वस्तूंना लागू होतो. नुकसान ५०० डॉलरपर्यंत असेल तर पहिल्या गुन्ह्याला कमाल १ वर्ष कैद आणि १०,००० डॉलर दंड. त्यावर गेलं तर २ वर्षं आणि २०,०००. म्हणून हिशेबाचा प्रत्येक तास लिहून ठेवा. आकडा नीट उलगडून दाखवता आला नाही तर गंभीर कलमच टिकत नाही.

माणसाचं हाड निघालं, किंवा तशी नुसती शंका आली, तर काम तिथेच थांबवा. हाड काढू नका, कापडाने झाका, माणसं मागे घ्या, फोटो काढून कुणाला पाठवू नका. आधी पोलीस, कारण ते अलीकडचंही असू शकतं. ते जुनं आणि मूलनिवासी असेल तर १९९० च्या दफनसंरक्षण कायद्याप्रमाणे जमातींना तातडीने कळवावं लागतं, आणि काम महिनाभर किंवा जास्तही थांबू शकतं. कंत्राटदाराच्या करारात ही शक्यता आधीच घातलेली असावी. नाहीतर थांबलेल्या यंत्राचं भाडं वाढत जातं आणि दबाव तुमच्यावर येतो. पुढे काय करायचं यात जमातीचा शब्द वजनाचा. बहुतेकदा ते हाड जिथे आहे तिथेच राहू देऊन चारी वळवायला सांगतात, आणि तेच सर्वांत चांगलं.

वस्तू आणि कागद

सापडलेल्या वस्तू सरकारच्या मालकीच्या असतात आणि त्या कुठे, कशा ठेवायच्या याचे नियम १९९० पासून आहेत. प्रत्येक खड्डा आणि टप्प्यासाठी वेगळी जाड पॉलिथिनची पिशवी, आत आम्लविरहित कागदाची चिठ्ठी, बाहेर तोच क्रमांक. पिशवी एक घनफुटाच्या आम्लविरहित पुठ्ठ्याच्या पेटीत. ओली पिशवी बंद करू नका, चिठ्ठीवर बुरशी येऊन क्रमांक जातो. वस्तुसंग्रहाशी करार सर्वेक्षणाआधी करा, पेट्यांचा खर्च अंदाजपत्रकात धरा. कंत्राट संपलं की कंपनीच्या गोदामात पेट्या अडकून पडतात, आणि खड्ड्यांच्या नोंदवह्या दुसऱ्याच कपाटात राहतात. अंतिम बिल मंजूर करण्यापूर्वी पेट्या मोजा, प्रत्येक पेटीतली एक पिशवी उघडून क्रमांक वहीशी ताडून बघा, आणि वहीची स्कॅन केलेली प्रत तळाच्या दप्तरात स्वतः जमा करा.